फोनच्या कडेचं बटण आणि स्विच: कोणतं काम कशावर ठेवावं आणि ते नीट कसं बसवावं

सरकता स्विच ढकलला की ढकलल्या जागी राहतो. बटण दाबून सोडलं की जागेवर परत येतं. फोनच्या कडेला कोणतं काम कशावर ठेवायचं, याचा जवळजवळ सगळा निर्णय या एका फरकावर होतो. तरीही सेटिंग्जमध्ये पर्यायांची लांबलचक यादी समोर आली की नेमका हाच फरक विसरला जातो.

आत काय घडतं ते आधी पाहू. बटणाच्या टोपीखाली एका पातळ फ्लेक्स पट्टीवर (वाकणाऱ्या सर्किटच्या पट्टीवर) धातूची छोटीशी घुमटी बसवलेली असते. दाबली की ती खचते, खालचे दोन संपर्क जोडले जातात आणि बोटाला 'टक्' असं जाणवतं. सोडली की घुमटी उसळून पूर्ववत होते. फोनला त्यातून दोनच गोष्टी कळतात, दाबल्याचा क्षण आणि सोडल्याचा क्षण. या दोन क्षणांमधलं अंतर मोजून 'नुसतं दाबलं', 'दाबून धरलं', 'दोनदा दाबलं' असे अर्थ सॉफ्टवेअर लावतं. स्विचच्या आत मात्र सरकणारा तुकडा खाचेत अडकून बसतो. फोन चालू असो वा बंद, तो जिथे ठेवला तिथेच सापडणार.

म्हणजे स्विच फोनची अवस्था स्वतःच्या अंगावर बाळगतो. बटण फक्त 'आत्ता कुणीतरी दाबलं' एवढीच वर्दी देतं आणि मोकळं होतं. खिशात हात घालून स्विच वर आहे की खाली हे अंगठ्याने चाचपता येतं. बटण कितीही चाचपलं तरी फोन साइलेंटवर आहे की नाही हे कळत नाही.

2007च्या पहिल्या आयफोनपासून डाव्या कडेला रिंग-साइलेंटचा स्विच होता. 2023 मध्ये आयफोन 15 प्रो आणि 15 प्रो मॅक्सवर त्याच्या जागी अ‍ॅक्शन बटण आलं आणि पुढच्या वर्षी 16च्या सगळ्या मॉडेलांवर ते बसलं. वनप्लसने 2015 मध्ये वनप्लस 2 वर तीन टप्प्यांचा अलर्ट स्लायडर दिला. 2022च्या 10टी वर तो काढला, 2023च्या वनप्लस 11 वर परत आणला आणि 2025च्या 13एस वर त्याच्या जागी प्लस की हे बटण बसवलं. वारा बटणाच्या दिशेने वाहतो आहे. तेव्हा ज्यांच्या हातात स्विचवाला फोन होता आणि आता बटणवाला आला आहे, त्यांच्यासाठी इथली बरीचशी माहिती आहे.

## काम निवडण्याआधीची परीक्षा

बटणावर ठेवायच्या प्रत्येक कामाला चार प्रश्न विचारा.

पहिला: न बघता अवस्था कळायला हवी का? टॉर्च लागला की दिसतो, कॅमेरा उघडला की स्क्रीनवर येतो. तिथे बटणाला अवस्था बाळगण्याची गरजच नाही. साइलेंट मोड मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि कानांनाही कळत नाही. तो चालू आहे याचा पुरावा म्हणजे फोन न वाजणं, आणि तोपर्यंत महत्त्वाचा कॉल हुकलेला असतो. आवाज बंद करणं हे काम स्विचला शोभतं ते याचसाठी.

दुसरा: हे काम वेळ किंवा जागा पाहून आपोआप व्हायला हवं का? इथे पारडं उलटं झुकतं. रात्री 10 वाजता फोन आपोआप साइलेंट व्हावा असं ठरवलं आणि स्विच 'रिंग'च्या खाचेत बसला असेल, तर खरं कुणाचं मानायचं? बोटाने हलवायचा स्विच सॉफ्टवेअर हलवू शकत नाही. त्यामुळे एक तर वेळापत्रक चालत नाही, नाही तर स्विच खोटं बोलतो. ज्यांचा दिवस वेळापत्रकावर चालतो त्यांना बटणच सोयीचं.

तिसरा: चुकून दाबलं गेलं तर काय बिघडेल? पिशवीत टॉर्च पेटून राहिला तर बॅटरी उतरते आणि फोन तापतो. व्हॉइस रेकॉर्डर सुरू झाला तर तासभराची निरुपयोगी फाइल तयार होते. एखादा मेसेज आपोआप जाईल असं काम मात्र एका दाबण्यावर कधीच ठेवू नये, मध्ये एकदा विचारणारी पाटी हवीच.

चौथा, आणि हा सगळ्यात जास्त दुर्लक्षित: दिवसातून किती वेळा लागतं? आठवड्यातून एकदा लागणाऱ्या कामासाठी बटण अडवलं, तर गरज पडेल तेव्हा त्यावर काय ठेवलं होतं तेच आठवत नाही.

अर्थ बदलणाऱ्या स्विचचा धडा आयपॅडने दिला आहे. पहिल्या आयपॅडच्या कडेचा स्विच स्क्रीन फिरणं रोखायचा. नोव्हेंबर 2010च्या आयओएस 4.2 अपडेटनंतर तोच स्विच आवाज बंद करू लागला. वापरणाऱ्यांची बोटं जुन्या अर्थाला सरावली होती, त्यामुळे तक्रारी झाल्या. 2011च्या 4.3 मध्ये दोन्हींपैकी हवं ते निवडायची सोय आली आणि 2014च्या आयपॅड एअर 2 पासून स्विचच गेला. स्विचला किंवा बटणाला एक अर्थ दिला की तो महिनोन् महिने बदलू नये. बोटांची सवय डोक्यापेक्षा उशिरा बदलते.

## बटणाला पलटायला लावू नका

स्विच गेला आणि साइलेंटचं काम बटणावर आलं की बहुतेक फोन त्याला 'पलटणं' शिकवून ठेवतात: वाजत असेल तर बंद, बंद असेल तर चालू. घोळ इथेच होतो. अंधारात, खिशात किंवा घाईत दाबलं की आधीची अवस्था माहीत नसते. मग मीटिंगला बसताना साइलेंट करायला म्हणून दाबलं आणि नेमका रिंगर चालू झाला, असं घडतं.

उपाय सोपा आहे. बटणाला पलटवण्याऐवजी एकाच दिशेचं काम द्या. दाबलं की साइलेंट, नेहमी साइलेंट. दाबलं होतं की नाही अशी शंका आली तर पुन्हा दाबा, काहीच बिघडत नाही. रिंगर परत चालू करायचं काम दुसऱ्या वाटेवर ठेवा, म्हणजे ठरावीक वेळेला आपोआप, किंवा स्क्रीन वरून खाली ओढून. अवस्था न दाखवणाऱ्या बटणाला हीच एक गोष्ट स्विचइतकी भरवशाची करते.

अँड्रॉइडमध्ये ही युक्ती तयारच मिळते. पिक्सेलवर आणि ज्या अँड्रॉइड फोनांत 'रिंग वाजणं रोखा' ही सोय ठेवली आहे त्यांच्यावर पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबलं की फोन व्हायब्रेटवर किंवा पूर्ण म्यूटवर जातो. पुन्हा तेच दाबल्याने रिंगर परत येत नाही, आणि तेच बरं. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'प्रिव्हेंट रिंगिंग' लिहून ही सोय शोधा, चालू करा आणि व्हायब्रेट हवं की म्यूट ते ठरवा. आवाज वाढवायच्या बटणाऐवजी चुकून आवाज कमी करायचं बटण पॉवरच्या जोडीला दाबलं गेलं की स्क्रीनशॉट निघतो. दोन दिवसांत बोटांना अंदाज येतो.

## आयफोनचं अ‍ॅक्शन बटण

सेटिंग्ज उघडा, 'अ‍ॅक्शन बटण' निवडा. फोनच्या कडेचं मोठं चित्र दिसतं. ते डावी-उजवीकडे सरकवलं की साइलेंट मोड, फोकस (निवडक कॉल आणि सूचनाच येऊ देणारा मोड), कॅमेरा, टॉर्च, व्हॉइस मेमो, भिंग, शॉर्टकट (आपण रचलेली क्रियांची साखळी), अ‍ॅक्सेसिबिलिटी वगैरे पर्याय येतात. काही पर्यायांखाली आणखी एक छोटी यादी असते. फोकस निवडला तर कोणता फोकस, कॅमेरा निवडला तर फोटो, सेल्फी की व्हिडिओ. ही खालची यादी अनेकजण उघडतच नाहीत.

हे बटण नुसतं दाबून चालत नाही, दाबून धरावं लागतं. झटकन दाबलं तर फक्त कोणतं काम लावलं आहे ते स्क्रीनवर चमकून जातं. 'बटण बिघडलं' असं वाटण्याचं सगळ्यात साधं कारण हेच. कॅमेरा लावला असेल तर कॅमेरा उघडल्यावर त्याच बटणाने फोटोही निघतो, ही सोय हातमोजे घातलेले असताना फार उपयोगी पडते.

साइलेंट लावायचंच असेल तर सेटिंग्जमधल्या 'साउंड्स अँड हॅप्टिक्स'मध्ये जाऊन साइलेंटचं चिन्ह स्टेटस पट्टीत दाखवायचा पर्याय चालू ठेवा. स्विच गेल्यावर अवस्था सांगणारी तेवढीच एक खूण उरते, ती तरी दिसू द्या. साइलेंटमध्येही घड्याळाचा अलार्म वाजतो. घरच्या एखाद्या माणसाचा कॉल साइलेंटमध्येही वाजायला हवा असेल, तर त्याच्या संपर्कात 'एडिट' करून रिंगटोनमध्ये 'इमर्जन्सी बायपास' चालू करा.

आता एकाच बटणाकडून वेळेनुसार दोन कामं करून घेऊ. सकाळी 6 ते रात्री 10 या वेळात दाबलं तर साइलेंट, रात्री दाबलं तर टॉर्च. त्यासाठी शॉर्टकट्स अ‍ॅप उघडा, नवा शॉर्टकट घ्या आणि क्रमाने या क्रिया जोडा:

1. 'डेट', म्हणजे चालू तारीख-वेळ.
2. 'फॉरमॅट डेट'. यात 'कस्टम' निवडून साच्यात इंग्रजी मोठ्या लिपीतला एच दोनदा लिहा. मोठा एच 24 तासांच्या घड्याळाचा. लहान लिपीतला लिहिलात तर 12 तासांचं घड्याळ मिळतं आणि रात्रीचे 9 हे सकाळच्या 9 सारखे दिसतात.
3. 'गेट नंबर्स फ्रॉम इनपुट'. ही पायरी गाळली की पुढे अडतं, कारण आधीच्या पायरीतून आकडा नाही, मजकूर येतो. मजकुराला 'च्या दरम्यान', 'पेक्षा मोठा' असे पर्याय 'इफ'मध्ये दिसतच नाहीत.
4. 'इफ' : आकडा 5.5 आणि 21.5 यांच्या दरम्यान असेल तर. दशांश मुद्दाम टाकले आहेत. तास नेहमी पूर्णांकात येतो, त्यामुळे सीमेवरचा 6 किंवा 21 धरला जातो की नाही हा प्रश्नच उरत नाही.
5. 'इफ'च्या पोटात 'सेट साइलेंट मोड'. त्यात 'टॉगल' नको, 'टर्न ऑन' निवडा. त्याखाली दोनदा 'व्हायब्रेट डिव्हाइस' ठेवा. मध्ये एक सेकंदाचा 'वेट' टाकला तर दोन थरथरी वेगळ्या जाणवतात.
6. 'अदरवाइज'च्या पोटात 'सेट फ्लॅशलाइट', 'टॉगल'. टॉर्च डोळ्यांना दिसतो, म्हणून इथे पलटवणं चालतं.

शॉर्टकटला नाव द्या, अ‍ॅक्शन बटणाच्या सेटिंगमध्ये 'शॉर्टकट' निवडून तोच जोडा. मग फोन उघडा असताना तो एकदा चालवून बघा. पहिल्या वेळी एखादी परवानगी मागितली जाऊ शकते, आणि लॉक स्क्रीनवर ती पाटी आली तर बटण दाबून काहीच झालं नाही असं वाटतं. लॉक असताना टॉर्च लावणं किंवा साइलेंट करणं सहज होतं, पण 'ओपन अ‍ॅप'सारखी क्रिया आधी फोन उघडायला सांगते. लॉक असतानाही लागणाऱ्या कामात अशी क्रिया मिसळू नका.

रिंगर परत आणायला शॉर्टकट्स अ‍ॅपच्या 'ऑटोमेशन' भागात 'टाइम ऑफ डे' घ्या, सकाळची वेळ द्या, 'रन इमिजिएटली' निवडा आणि 'सेट साइलेंट मोड', 'टर्न ऑफ' लावा. पुढे दिवसभरात मीटिंग संपल्यावर कंट्रोल सेंटरमधून हाताने चालू करा. आयओएस 18 पासून तिथे साइलेंटचं बटण ठेवता येतं.

एका बटणावर चार-पाच कामं हवी असतील तर वेळेच्या अटीऐवजी 'चूज फ्रॉम मेनू' ही एकच क्रिया पुरते. दाबलं की यादी उघडते आणि त्यातून निवडायचं. यात मात्र स्क्रीनकडे बघावं लागतं, म्हणजे कडेच्या बटणाचा अर्धा फायदा गेला. चारपेक्षा जास्त ओळी ठेवू नयेत असं आमचं ठाम मत आहे.

## सॅमसंग, वनप्लस आणि इतर अँड्रॉइड

सॅमसंगची गोष्ट शिकण्यासारखी आहे. 2017च्या गॅलेक्सी एस8 वर बिक्सबी या सॅमसंगच्या आवाजी सहायकासाठी वेगळं बटण होतं आणि सुरुवातीला ते दुसऱ्या कामाला लावू देत नसत. 2019 मध्ये एस10च्या वेळी एका किंवा दोन दाबण्यावर दुसरं अ‍ॅप उघडायची परवानगी मिळाली. त्याच वर्षीच्या नोट 10 वर ते बटणच नव्हतं, त्याचं काम पॉवरच्या बटणात मिसळलं. आता सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स' आणि त्यात 'साइड बटण' उघडलं की दोन जागा भरायला मिळतात: दोनदा दाबणं आणि दाबून धरणं. दोनदा दाबण्यावर कॅमेरा किंवा हवं ते अ‍ॅप ठेवा. दाबून धरण्यावर सहायक ठेवलात तर फोन बंद करायला साइड बटणासोबत आवाज कमी करायचं बटण धरावं लागतं, हे घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा. एक्सकव्हर मालिकेतल्या मजबूत फोनांवर पॉवरपासून वेगळं असं एक जास्तीचं बटण असतं, त्याची नेमणूकही 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स'मध्येच सापडते.

सॅमसंगवर साइलेंटची वेळ लावायला 'मोड्स अँड रूटीन्स' वापरा. 'इफ'मध्ये वेळ, 'देन'मध्ये साउंड मोड. रूटीन संपलं की आधीची अवस्था आपोआप परत येते.

वनप्लसच्या अलर्ट स्लायडरला वर साइलेंट, मध्ये व्हायब्रेट, खाली रिंग अशा तीन खाचा आहेत (वनप्लस 6च्या आधी मधली खाच 'फक्त महत्त्वाचे'साठी होती). मधली खाच चाचपून ओळखणं जरा कठीण जातं, वर आणि खाली मात्र बिनचूक कळतं. म्हणून सवय लावताना टोकाच्या दोनच जागा वापरा. प्लस की असलेल्या फोनवर साउंड मोड, डू नॉट डिस्टर्ब, कॅमेरा, टॉर्च, रेकॉर्डर, भाषांतर, स्क्रीनशॉट यांतून एक निवडायचं असतं. स्लायडरवरून इकडे आलेल्यांनी साउंड मोडच लावायचा मोह आवरावा. रिंगर वेळापत्रकाकडे सोपवून प्लस कीवर टॉर्च किंवा रेकॉर्डर ठेवला तर बटणाचं सोनं होतं.

फेअरफोनने 2025च्या सहाव्या पिढीत दोन्हींचा संगम केला. सरकणारा स्विच आहे, पण त्याला काय करायला लावायचं ते निवडता येतं. एरवी तो मोजकीच अ‍ॅपं दाखवणारा साधा पडदा उघडतो. अशा स्विचवर काम लावताना वरचा दुसरा प्रश्न पुन्हा विचारा. जे काम वेळापत्रकही करणार आहे, ते स्विचवर नको.

सोनी एक्सपीरियाच्या काही फोनांवर कॅमेऱ्याचं स्वतंत्र बटण असतं. अर्धं दाबलं की फोकस, पूर्ण दाबलं की फोटो. हे दोन टप्पे त्या एकाच कामासाठी घडवलेले असतात, ते दुसरीकडे वळवून काही हाती लागत नाही.

## जास्तीचं बटण नसेल तर

आयफोन 8 आणि पुढच्या मॉडेलांवर, आयओएस 14 पासून, पाठीवर दोनदा किंवा तीनदा टिचकी मारून काम करून घेता येतं: सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, टच, बॅक टॅप. पिक्सेलवर हीच सोय 'क्विक टॅप' नावाने जेश्चर्समध्ये आहे आणि तिथे जोराची टिचकीच मानायचा पर्याय चालू करता येतो, तो करावाच. पाठीवरची टिचकी टेबलावर फोन ठेवतानाही नोंदली जाऊ शकते. त्यामुळे आयफोनवर तीन टिचक्यांवर काम ठेवा आणि ज्याने नुकसान होणार नाही असंच ठेवा.

अँड्रॉइडवर आवाजाच्या बटणांना दुसरी कामं द्यायला 'की मॅपर' हे मुक्तस्रोत अ‍ॅप चांगलं आहे. बसवल्यावर त्याला अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेची परवानगी द्यावी लागते. अ‍ॅप प्ले स्टोअरबाहेरून फाइल आणून बसवलं असेल तर अँड्रॉइड 13 पासून ही परवानगी करड्या रंगात अडकलेली दिसते. तेव्हा अ‍ॅप इन्फोमध्ये वरच्या तीन टिंबांतून 'अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज' दिल्यावरच ती उघडते. मग नवी जोडणी घ्या, 'रेकॉर्ड ट्रिगर' दाबा, काही सेकंदांत हवं ते बटण दाबा, त्याचा प्रकार निवडा आणि क्रिया जोडा. आवाज वाढवायचं बटण दाबून धरलं की पुढचं गाणं, कमी करायचं धरलं की मागचं, ही सुरुवातीला करून पाहण्याजोगी जोडी. अट म्हणून 'काहीतरी वाजत असताना' लावा, नाही तर कॉलवर बोलताना आवाज वाढवायला गेलात की गोंधळ होईल.

तीन मर्यादा आधीच माहीत असू द्या. पॉवरचं बटण अशा अ‍ॅपच्या हाती सहसा लागत नाही, कारण त्याची खबर आधी प्रणाली घेते आणि अ‍ॅपपर्यंत पोचूच देत नाही. स्क्रीन बंद असताना बटण ओळखायला रूट (फोनच्या प्रणालीवर पूर्ण ताबा) किंवा तसली जास्तीची परवानगी लागते. आणि बॅटरी वाचवणारी यंत्रणा अशी सेवा पार्श्वभूमीवर बंद करते. 'दोन दिवस चाललं आणि मग थांबलं' याचं कारण बहुधा हेच, तेव्हा त्या अ‍ॅपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळा. काही बँकिंग अ‍ॅपं अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवा चालू दिसली की उघडायला नकार देतात. व्यवहार करताना ती तात्पुरती बंद करावी लागेल.

## दाबण्याचे प्रकार एकमेकांच्या पायात येतात

एका बटणाला 'एकदा' आणि 'दोनदा' अशी दोन्ही कामं दिली की एकदा दाबल्याचं काम उशिरा होतं. दुसऱ्यांदा दाबलं जातंय का याची वाट पाहायला फोन साधारण 300 मिलिसेकंद थांबतो. आकडा लहान वाटतो, पण आवाज कमी करताना किंवा फोटो काढताना तो खटकतोच. ज्या कामाला तत्परता हवी त्याच्या बटणावर दोनदा दाबण्याचं काम ठेवूच नका. 'एकदा' आणि 'दाबून धरणे' ही जोडी त्या मानाने बरी, कारण बटण सोडताक्षणी फोनला निकाल कळतो.

पॉवरचं बटण पटापट पाच वेळा दाबलं की अनेक अँड्रॉइड फोनांवर आपत्कालीन मदतीची सोय सुरू होते, आयफोनवरही तसा पर्याय आहे. म्हणून पॉवरवर दोनदा-तीनदा दाबण्याची कामं रचताना हात राखून रचा. एखादं बटण प्रतिसाद देत नाही म्हणून ते पुन्हा पुन्हा दाबत राहण्याची सवयही इथे अंगाशी येते. ही आपत्कालीन सोय बंद करायची नाही, ती उलटी मोजणी करते तेवढ्यात थांबवायला शिकायचं.

## कव्हर

निम्म्या तक्रारी बटणाच्या नसतातच, कव्हरच्या असतात. सरकत्या स्विचसाठी कव्हरला खाच असते. कव्हर जाड असेल तर खाच खोल होते आणि अंगठ्याचं टोक स्विचपर्यंत पोचत नाही, नख घालावं लागतं. बटणावर कव्हरचा उंचवटा येतो. तो कडक असेल तर दाबून धरताना जोर सुटतो आणि फोन 'नुसतं दाबलं' असंच समजतो. आत घट्ट बसलेला असेल तर बटण कायम अर्धवट दाबलेलं राहतं. कव्हर घेताना बटण 20 वेळा सलग दाबून धरा. 20पैकी 20 वेळा काम झालं पाहिजे.

आयफोन 16च्या कडेला कॅमेऱ्यासाठी असलेल्या 'कॅमेरा कंट्रोल' बटणाला बोट सरकवल्याचंही कळतं. त्यावर साधं प्लास्टिक आलं तर दाबणं चालतं पण सरकवणं मरतं. तिथे उघडी खाच किंवा त्यासाठीच बनवलेला वीजवाहक थर असलेलं कव्हर घ्यावं.

## बिघाड ओळखणं आणि साफ करणं

प्रथम कव्हर काढून बघा. मग फोन पुन्हा सुरू करा. तरीही बटण ऐकत नसेल तर दोष सॉफ्टवेअरचा की बटणाचा हे ठरवायचं. अनेक सॅमसंग फोनांवर डायलरमध्ये *#0*# टाकलं की तपासणीचा पडदा उघडतो, शाओमीवर *#*#6484#*#* टाकून बटणांची चाचणी घेता येते. चाचणीत बटण नोंदलं जात असेल तर हार्डवेअर ठीक आहे, गडबड तुमच्या नेमणुकीत किंवा परवानगीत आहे. आयफोनवर अ‍ॅक्शन बटणाला तात्पुरतं टॉर्च लावून बघा, दोष शॉर्टकटमध्ये असेल तर टॉर्च लगेच लागेल.

स्विचला धूळ आणि कापडाचे तंतू छळतात. तो सरकतो पण खाचेत बसत नाही, मध्येच तरंगतो, आणि फोन स्वतःहून साइलेंट-रिंग-साइलेंट असा थरथरत राहतो. त्याची सफाई अशी: फोन बंद करा. मऊ, कोरडा, बारीक ब्रश खाचेत लांबीच्या दिशेने फिरवा. स्विच एका टोकाला नेऊन झाडा, मग दुसऱ्या टोकाला. अडकलेला तंतू लाकडी टूथपिकच्या टोकाने हलकेच उचला. सुई, पिन, धातूचं काहीही नको, खाचेतली रबरी सील फाटली की पाण्यापासूनचं संरक्षण गेलं. चिकटपणा असेल तर 90 टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश जेमतेम ओला करा (थेंब गळेल इतका नाही), फिरवा, स्विच 20-30 वेळा पुढे-मागे करा आणि वाळेपर्यंत फोन चालू करू नका. दाबाच्या हवेचा डबा खाचेत मारू नये, हवेबरोबर कचराही आत जातो.

बटणाचं 'टक्' गेलं असेल, नुसतं मऊ दबत असेल, तर घुमटी खचली आहे. ती साफ करून परत येत नाही, फ्लेक्स पट्टी बदलावी लागते आणि ते काम दुरुस्तीवाल्याचं.

दुरुस्ती होईपर्यंत चालवायला जुन्या आयफोनवर एक चांगली वाट आहे. स्विच मेला असेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटीमधल्या टचमध्ये असिस्टिव्हटच चालू करा. स्क्रीनवर तरंगणारं बटण येतं, त्यात 'डिव्हाइस' आणि मग 'म्यूट'. मात्र मेलेला स्विच त्यानंतर चुकूनही हलवू नका. अधूनमधून जुळणारा संपर्क तुमची निवड उलटवून टाकतो, म्हणून त्याच्या खाचेवर कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेवा.